बैलाचा पाय न लागलेली जमीन

माठाच्या जुडीचं एक टोक माझ्या मुठीत होतं, दुसरं नंदीबैलाच्या तोंडात, आणि आम्ही दोघंही माघार घ्यायला तयार नव्हतो.

"वयनी, सोडा की! खाऊ द्या गरिबाला," मसाजी नंदीबैलवाला गुबगुबी वाजवता वाजवता म्हणाला.

"तुमच्या गरिबाला आधी मागे ओढा!" मी ओरडले. "खाऊ नका देऊ त्याला! नुसतं चालवा म्हटलं होतं ना!"

हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण नंदीच्या लाळेनं माझा हात कोपरापर्यंत बरबटला होता, पायातली एक चप्पल चिखलात रुतून बसली होती, आणि अशा वेळी माणसाला सगळीच पथ्यं पाळणं जमत नाही. सुदैवानं गुबगुबीच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही.

वाफ्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत माझी नणंद वृंदाताई बसली होती. तिला सातवा महिना होता आणि हसून हसून तिचा जीव चालला होता. "उल्का, पुरे गं! बाळ आत्ताच बाहेर यायचं!" असं म्हणत ती दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती. तिच्यामागे नवरंग कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका रिकाम्या पिशव्या आणि विळे घेऊन उभ्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे माझ्या सासूबाई. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हललेली नव्हती.

तो नंदीबैल मी बोलावला होता, आणि हे माझ्याखेरीज फक्त वृंदाताईला माहीत होतं. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

आज वृंदाताईच्या लेकीला स्थळं येताहेत. पण ऋषिपंचमी आली की मला अजून तो चिखल, ती लाळ आणि ते दुपारपर्यंत न थांबलेलं हसू आठवतं.

माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आमची कॉलनी शहराच्या टोकाला. तिच्या मागे एक लांबलचक टेकाड होतं. शहराचा कचरा पूर्वी तिथे पडायचा. पुढे कचऱ्याच्या गाड्या दुसरीकडे जायला लागल्या, टेकाडावर तांबड्या मातीचा एक थर टाकला गेला आणि 'येथे कचरा टाकू नये' अशी एक पाटी लागली. बस्स. पावसाळ्यात त्यावर असं काही हिरवंगार गवत यायचं, की नवा माणूस तिथे सतरंजी टाकून डबा खायला बसला असता.

त्या वर्षी वृंदाताईला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले. सासूबाईंना आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. आणि वृंदाताईला डोहाळे लागले ते कसले? ऋषीच्या भाजीचे! वैशाखात!

आता ऋषीच्या भाजीचं असं, की त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या शेतातलं काही नको. माणसानं हातानं खणून, हातानं पेरून जे पिकवलं असेल तेच चालतं. शहरात अशी भाजी मिळवताना बायकांच्या नाकी नऊ येतात, आणि मिळाली तरी भाजीवाली शपथेवर काय सांगते त्यावरच विश्वास टाकावा लागतो. सासूबाईंचा भाजीवालीच्या शपथेवर विश्वास नव्हता. एके दिवशी त्या गच्चीवर पापड वाळत घालता घालता थांबल्या, मागच्या टेकाडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "या जमिनीला कधी बैलाचा पाय लागलाय का गं?"

"कचऱ्याच्या गाड्यांची चाकं लागलीत," मी म्हटलं.

"चाकांचं सोड. बैल?"

"बैल नाही."

झालं. महिला मंडळाची बैठक भरली. सगळ्यांच्या यमूताई, म्हणजे आमच्या सासूबाई, उभ्या राहून बोलल्या की इतकी शुद्ध जमीन पंचक्रोशीत नाही. शास्त्राच्या बाबतीत कॉलनीत ज्यांचा शब्द शेवटचा, त्या दुर्गाकाकूंनी मान डोलावली. मग कुदळी आल्या, खुरपी आली, पदर खोचले गेले. माठ, अळू, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, मका. सासूबाईंनी प्रत्येक बी स्वतःच्या हातानं टोचलं. रोज सकाळी बादली घेऊन त्या वर जायच्या आणि येताना गुणगुणत यायच्या. भाजी तरी कशी फोफावली म्हणता! अळूची पानं सुपाएवढी झाली.

मी तेव्हा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माती तपासायचं काम करत होते. घरचीच माती म्हणून कौतुकानं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात थोडी घेऊन गेले, सोबत माठाची चार पानं. आमचे सर निकाल बघून चष्मा पुसत माझ्याकडे आले.

"हे कुठलं? बॅटरीच्या कारखान्याच्या दारातलं का?"

"नाही सर, आमच्या ऋषिपंचमीचं."

सरांनी निकालाचा कागद माझ्यापुढे ठेवला. मातीत शिसं, मातीत कॅडमियम, आणि तेच उचलून पानांतसुद्धा. मग चौकशी केली तेव्हा कळलं, टेकाडाच्या त्याच उतारावर पूर्वी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या शिशाच्या पाट्या काढायचे. वरून टाकलेली तांबडी माती म्हणजे खरकट्या ताटावर झाकलेला रुमाल! आणि ते शिसं वृंदाताईच्या पोटात गेलं, तर तिच्या बाळापर्यंत पोचायला त्याला कुणी अडवणार नव्हतं. इतक्या वर्षांनी येणारं ते बाळ.

मी घरी आले ती तडक स्वयंपाकघरात.

"आई, त्या मातीत शिसं आहे."

"पेन्सिलीत असतं ते? ते तर पोरं दिवसभर चघळतात."

"ते वेगळं. हे विषारी असतं. भाजीत उतरलंय. दिसत नाही, चवीला लागत नाही, शिजवून जात नाही. पोटातल्या बाळाला तर फारच वाईट."

सासूबाईंनी कणीक मळायचं थांबवलं नाही. "आमच्या माहेरी उकिरड्यावरच भोपळे यायचे. असे मोठे."

"तुमच्या माहेरच्या उकिरड्यात शेण होतं, राख होती, पालापाचोळा होता. बॅटऱ्या नव्हत्या, आई."

त्यांनी कणकेवर ताट झाकलं. मग म्हणाल्या, "कुकरची शिट्टी बघ."

त्यानंतर मी रोज विषय काढायचे आणि रोज कुकरची शिट्टी, दुधाचं पातेलं, नाहीतर दारावरचा पेपरवाला मध्ये यायचा. तोडणीआधी त्यांनी वाफ्यातलं एक पानसुद्धा घरात आणलं नाही, पण मला वाटलं ते ऋषीच्या आधी उष्टं करायचं नाही म्हणून. वृंदाताईला विनवलं, तुम्ही तरी खाऊ नका. ती म्हणाली, "मी खाणार नाही गं, पण आईला सांगू कशी? बिचारी माझ्यासाठी पाणी घालतेय. तिच्या समोर ताटातलं बाजूला सारलं तर तिला काय वाटेल? आणि मी एक वाचले तरी कॉलनीतल्या पोराबाळांचं काय?"

खरंच होतं ते. मग मला ती कल्पना सुचली. शिशाला या बायका भीत नाहीत ना? मग ज्याला भितात तेच आणू! एकदा त्या जमिनीवरून बैल चालवला, की भाजी बाद. शिसं नाही, कॅडमियम नाही, वादच नाही. वृंदाताईला सांगितलं तेव्हा ती हसता हसता पलंगावर आडवी झाली. दुसऱ्याच दिवशी मी बसस्टँडजवळ मसाजीला गाठलं.

आणि ऋषिपंचमीच्या सकाळी, आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, नाहून-धुऊन बायका तोडणीला जमतात न जमतात तोच, गुबुगुबु करत मसाजी त्याचा नंदी घेऊन टेकाडावर आला. पाठीवर आरशांची झूल, गळ्यात घंटा, आणि समोर हिरवागार माठ बघितल्यावर मसाजीला फरफटत नेण्याची ताकद. पुढचं मी सांगितलंच.

अखेर जुडी तुटली. अर्धी माझ्याकडे राहिली, उरलेल्या अर्धीपैकी दोन-चार पानं नंदीच्या पोटात गेली आणि बाकीची मी त्याच्या ओठांतून बोटं घालून काढली. मग धापा टाकत, शक्य तितक्या दुःखानं मी म्हणाले, "अरे देवा! बैल शिरला की हो वाफ्यात! आता कसली ऋषीची भाजी?"

सगळ्यांनी दुर्गाकाकूंकडे पाहिलं. दुर्गाकाकूंनी डोळे मिटले, उघडले आणि निकाल दिला.

"बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असं आहे. हा नुसता फिरायला आला. त्याला काय कष्ट झाले?"

"पण काकू, पाय लागले ना!"

"लागू देत. शिवाय हा साधा बैल नव्हे, हा नंदी. महादेवाचं वाहन आपल्या पायानं वाफ्यात आलं!"

"अगं बाई, खरंच की!" एक बाई म्हणाली.

दुसरी धावत जाऊन हळदीकुंकू घेऊन आली. तिसरीनं नंदीच्या पायांवर पाणी घातलं. मसाजीला जोर चढला. "बोल नंदीबाबा, आक्कांच्या पोटाला सोन्यासारखं लेकरू हुईल का?" नंदीनं ओठ चाटत मान डोलावली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या योजनेमुळे त्या भाजीला आता दुप्पट पुण्य चिकटलं होतं! बायका विळे परजून वाफ्याकडे निघाल्या. वृंदाताईचं हसू आता पार गेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"थांबा!" मी किंचाळले. पुढे काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.

पण पुढचं मला म्हणावंच लागलं नाही. टेकाडाच्या पलीकडून "धरा, धरा, सुटला!" असा आवाज आला आणि ओढ्याकाठच्या वीटभट्टीवर गाडी हाकणाऱ्या तुळशीरामचा बैल उतारावरून खाली येताना दिसला. पोळ्याला रंगवलेली शिंगं अजून लालभडक होती. गळ्याला दोर, दोराला बाभळीचा एक वजनदार ओंडका, आणि ओंडक्यामागे तुळशीराम. "धरा, धरा" असं ओरडत होता खरा, पण पळताना त्याला काही घाई असलेली दिसली नाही.

बैल पडवळाच्या मांडवाखालून घुसला, मांडव त्याच्या पाठीवर आला, तो घेऊन तो अळूत शिरला, अळूतून भेंडीत, भेंडीतून मक्यात. बायका चहूकडे पांगल्या. नंदी पहिल्यांदाच माठ विसरून बघत राहिला. कुणाची पिशवी शिंगाला अडकली, दुर्गाकाकू हळदीकुंकवाच्या ताटासकट वृंदाताईच्या खुर्चीमागे लपल्या, मसाजी गुबगुबी वाजवतच राहिला कारण त्याला थांबायचं सुचलं नाही, आणि तो ओंडका मागून जमीन उकलत चालला होता. तांबडा थर फाटून खालचा काळा चिखल वर आला. त्यात बॅटरीच्या करड्या पाट्या होत्या, फुटक्या ट्यूबलाइट होत्या, रंगाचे गंजके डबे होते. आणि त्यातून कसला तरी आंबूस वास सुटला.

बैल टेकाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, शहाण्यासारखा वळला आणि दुसऱ्या बाजूनं परत आला. मग स्वतःच थांबला.

सगळ्यांच्या नजरा पुन्हा दुर्गाकाकूंकडे. त्या खुर्चीमागून बाहेर आल्या, वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तास पडलंय. सरळ तास! ही तर नांगरटच झाली हो."

"मग भाजी?"

"गेली! सगळी गेली."

बायका हळहळल्या. मला मात्र नाचावंसं वाटत होतं. जीव असा भांड्यात पडला की त्याचा आवाज झाला असेल. वृंदाताईनं माझा हात धरला, तिचे डोळे भरून आले होते, आणि दुसऱ्या क्षणी ती पुन्हा हसायला लागली होती.

सासूबाई पुढे झाल्या. "उपटा सगळं," त्या म्हणाल्या. "बैल फिरलेलं रान ऋषीच्या दिवशी उभं ठेवू नये. हो ना हो, दुर्गाबाई?"

दुर्गाकाकूंनी हे कधी ऐकलं नसावं, पण आपल्याला ठाऊक नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. "हो तर," त्या म्हणाल्या. "तसंच आहे."

"आणि गाईगुरांना घालू नका. इथेच खड्डा काढून पुरा. ती मातीही परत उकरायची नाही. पोरांनाही इथे खेळायला सोडायचं नाही."

गाईगुरांना घालू नका, हे मी सांगणार होते. माझ्या आधी त्याच बोलल्या, आणि मी इतकी खुशीत होते की माझ्या ते लक्षातही आलं नाही.

घरी आल्यावर मी हातपाय धुतले. सासूबाई विळीवर बसल्या होत्या. वृंदाताई दाराला टेकून उभी.

"उल्का, कोठीच्या खोलीतून मोठं पातेलं आण."

"पातेलं कशाला आई? भाजी कुठाय?"

"आण म्हटलं ना."

कोठीत पातेल्याशेजारी दोन टोपल्या होत्या, वर ओलं फडकं. मी फडकं उचललं. अळू, माठ, भेंडी, दोडका, मक्याची कणसं, लाल भोपळ्याची फोड, सुरणसुद्धा. हरतालिकेच्या दिवशी सासूबाई भावाला भेटून येते म्हणून शेजारच्या गावी गेल्या होत्या, त्या येताना दोन जड पिशव्या घेऊन आल्या होत्या. मी टोपली तशीच उचलून स्वयंपाकघरात आले.

"ही भाजी?"

"भावाच्या परसातली. कुदळीनं खणलेलं परस आहे. हवं तर दुर्गाबाईंना विचारून ये."

"म्हणजे तुळशीरामचा बैल..."

सासूबाईंनी सुरण विळीवर धरला. "नंदीबैल काय आणतेस गं? त्यानं जन्मात कधी कष्ट केलेत का? मान हलवून पोट भरतो तो. आणायचा तर मानेवर घट्टे पडलेला बैल आणावा. आणि त्याच्यामागे ओढायला काहीतरी द्यावं. एवढं शिकूनसवरून तुला हे कळू नये?"

मी वृंदाताईकडे पाहिलं. तिनं छताकडे पाहिलं. तिच्या पोटात बाळाखेरीज दुसरं काही राहत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"तुम्हाला माझा बेत माहीत होता! मग अडवलं का नाहीत?"

"म्हटलं, तुझ्या बैलानं भागलं तर तुळशीरामला परत पाठवता येईल."

वृंदाताई फिस्सकन हसली. मला हसूही येत होतं आणि रागही येत होता. "आई, मी रोज तुमच्या मागे लागले होते. एकदा तरी म्हणायचंत की पटलं म्हणून!"

विळीचा आवाज थांबला.

"कसं म्हणू?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज वेगळाच आला. "सगळ्या कॉलनीला त्या मातीत हात घालायला मी लावलं. नातवंडासाठी म्हणून लावलं. रोज पाणी घालताना त्याच्याशी बोलायचे मी. आता उठून सांगू सगळ्यांना, की बायांनो, मी विष पिकवलं? मला नाही जमलं गं ते."

मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि अळू चिरायला घेतलं. पण एक शंका मला गप्प बसू देईना. सून रोज कटकट करते म्हणून यांनी सुटका करून घेतली, की खरंच माझं ऐकलं? तेवढ्यात तुळशीरामच्या बैलाचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

"आई, त्या बैलाच्या तोंडाला मुसकं होतं. नव्या सुतळीचं."

"हो. मीच विणलं."

"विटा ओढणाऱ्या बैलाला मुसकं कशाला?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू काही मी अगदीच वेडगळ प्रश्न विचारला होता.

"तूच म्हणालीस ना, पानांत शिसं उतरलंय? मुका जीव तो. आपल्या कामाला आणलेला. त्यानं का खायचं ते?"

अळूनं हाताला खाज सुटली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दारात वृंदाताई पुन्हा हसायला लागली होती.